आकाशातून वाचलेला तलावांचा मुलूख

उपग्रहांनी घेतलेली भूमीची चित्रे वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून आता घरोघरी पोहोचली असली, तरी ती पाहणाऱ्या सामान्य वाचकाच्या मनात एक साधा आणि सर्वथा न्याय्य प्रश्न उभा राहतोच: एवढ्या उंचीवरून आमचे गाव खरोखर दिसते काय, आणि दिसत असल्यास त्या दिसण्याचा आम्हांला उपयोग कोणता? या प्रश्नाची उकल करण्यास भंडारा जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. उत्तरेकडून येऊन जिल्ह्याच्या मध्यातून वाहणारी वैनगंगा, गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव, त्यांच्या पाण्यावर पोसलेली धानाची शेती, नागझिरा आणि कोका येथील अरण्ये, तुमसर तालुक्यातील मॅंगनीजच्या खाणी आणि पवनी तालुक्यातील गोसीखुर्दचे अजस्र धरण या साऱ्या गोष्टी सुमारे चार हजार चौरस किलोमीटरांच्या या मुलखात एकत्र आल्या आहेत; आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट अवकाशातून पाहण्याची रीत निराळी असल्यामुळे हा एक जिल्हा समजून घेतला, की उपग्रहाच्या चित्रांचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र समजून घेतल्यासारखे होते.

१. किती उंचीवरून काय दिसते?

अवकाशातून घेतलेले पृथ्वीचे पहिले छायाचित्र २४ ऑक्टोबर १९४६ चे आहे. जर्मनांकडून हस्तगत केलेला व्ही-२ जातीचा एक अग्निबाण अमेरिकेने न्यू मेक्सिकोतील वाळवंटातून उडविला, त्यात चलचित्राचा कॅमेरा बसविला होता, आणि सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून त्याने टिपलेल्या कृष्णधवल चित्रांत पृथ्वीची वक्र कडा आणि ढगांचे पुंजके दिसले. आज आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तेथील अंतराळवीराला खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी काय दिसेल, याचा हिशेब सोपा आहे. निरोगी मानवी डोळ्याला एखादी वस्तू वेगळी ओळखू येण्यासाठी तिची रुंदी साधारणपणे तिच्या अंतराच्या चौतीसशेव्या भागाइतकी तरी असावी लागते. ४०० किलोमीटरांचा चौतीसशेवा भाग म्हणजे सुमारे १२० मीटर.

या एका आकड्याने पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही समजूत आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत आली. वास्तविक ती भिंत काही मीटर रुंद असून तिचा रंग भोवतालच्या जमिनीसारखाच आहे, आणि चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेइ याने २००३ मध्ये परत आल्यावर ती आपल्याला दिसली नाही असे स्पष्ट सांगितले. उलट, गोसीखुर्दचा जलाशय कित्येक किलोमीटर पसरलेला असल्यामुळे त्याचा आकार स्थानकावरून सहज ओळखता येतो आणि पावसाळ्यातील भरलेल्या वैनगंगेचा पट्टाही दिसू शकतो. भंडारा आणि कारधा यांच्यामधील पुलाची रुंदी डोळ्याला मोजता येणार नाही, परंतु काळ्या पाण्यावर उजळ सरळ रेघ असली तर ती रेघ म्हणून जाणवू शकते. म्हणजे आकाराइतकेच महत्त्व वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्या रंगातील विरोधाला आहे. एखादे घर किंवा विहीर मात्र नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर राहते, आणि तेथे यंत्राचे साहाय्य घ्यावे लागते. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत संघाच्या साल्यूत-७ या स्थानकावर गेले, तेव्हा विशेष कॅमेऱ्यांच्या साहाय्याने भारतीय भूभागाची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, तो याच कारणासाठी.

२. बांध्यांनी बनलेले चित्र

उपग्रहाचे चित्र हे जुन्या अर्थाने छायाचित्र नसते. उपग्रहावरील यंत्र खालच्या जमिनीचे समान आकाराच्या लहान लहान चौकटींत विभाजन करते, प्रत्येक चौकटीतून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजते आणि त्या मापाचा एक आकडा पृथ्वीकडे पाठविते. या आकड्यांना रंग देऊन ते शेजारी शेजारी मांडले की चित्र तयार होते. या चौकटीलाच पिक्सेल म्हणतात.

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ही कल्पना समजण्यास त्याचेच शेत पुरेसे आहे. चढउताराच्या जमिनीवर धुरे घालून तो बांध्या पाडतो आणि प्रत्येक बांधीत पाणी एका पातळीत उभे राहते; बांधीखालच्या जमिनीला मुळात थोडा उतार असला, तरी भरलेल्या बांधीकडे पाहून तो कळत नाही, आणि एका बांधीतून दुसरीत जाताना मात्र पातळी एकदम बदललेली दिसते. उपग्रहाच्या चौकटीचेही तसेच आहे. चौकटीच्या आत झोपडी, झाड, पायवाट आणि उकिरडा असे काहीही असो, त्या सर्वांचा मिळून एकच आकडा नोंदला जातो. बांधी जितकी लहान तितका जमिनीचा उतार अधिक बारकाईने पाळला जातो, आणि चौकट जितकी लहान तितका चित्रातील तपशील वाढतो. चौकटीच्या या लहानमोठेपणावरून उपग्रहाची विभेदनक्षमता ठरते.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चौकटीची बाजू सुमारे ८० मीटर होती. १९८२ च्या लँडसॅट-४ पासून ती ३० मीटरांवर आली. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील एका कॅमेऱ्याची चौकट २३.५ मीटरांची, युरोपच्या सेंटिनल-२ ची १० मीटरांची, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची अवघी पाव मीटरची आहे. मग सर्वच उपग्रह पाव मीटरच्या चौकटीचे का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, बारीक पाहणाऱ्याला थोडेच पाहता येते. लँडसॅट एका फेरीत १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि त्याच्या एका पूर्ण चित्रात क्षेत्रफळाने भंडाऱ्यासारखे आठ जिल्हे मावतात, तर कार्टोसॅट-३ चा पट्टा सुमारे १६ किलोमीटरांचाच असतो. जिल्ह्याच्या जमाबंदीसाठी एक नकाशा लागतो आणि घराच्या हद्दीच्या तंट्यासाठी दुसरा, हे महसूल खात्याच्या कोणाही जुन्या कारकुनाला ठाऊक आहे; येथेही कामाप्रमाणे चित्र निवडावे लागते.

३. डोळ्यांपलीकडचा रंग

उपग्रहाची प्रतिमा पहिल्यांदा पाहणारा मनुष्य बहुधा गोंधळतो तो तिच्यातील लाल रंगामुळे. हिरवेगार असावे ते धान लालभडक, आणि पाणी जवळजवळ काळे! ही छपाईची चूक नव्हे, ती बुद्धिपुरस्सर केलेली योजना आहे.

सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडे आणखी एक किरणविभाग असतो, त्यास अवरक्त म्हणतात. निरोगी पान अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते, परंतु त्याच्या अंतर्भागातील पेशींची रचना अशी असते की दृश्य प्रकाशाला लागून असलेला अवरक्त प्रकाश ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. आपल्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही, यंत्राला दिसतो. आणि यंत्राने पाहिलेले आपल्याला दाखविण्यासाठी अवरक्ताला चित्रात लाल रंग दिला जातो. म्हणून जेथे पाने दाट आणि सतेज, तेथे चित्र लाल. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून ते काळसर दिसते; आणि वस्ती, रस्ते, उघडी जमीन ही राखाडी किंवा निळसर छटांत येतात.

या दोन मापांवरून वनस्पती निर्देशांक नावाची एक संख्या काढतात. अवरक्ताच्या मापातून तांबड्याचे माप वजा करावे आणि त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागावे, इतकीच ती रीत आहे. समजा, सप्टेंबरच्या अखेरीस साकोलीजवळच्या एका धानाच्या शेताने अवरक्त प्रकाश शंभरांतील ४५ भाग आणि तांबडा ५ भाग परत पाठविला. वजाबाकी ४०, बेरीज ५०, निर्देशांक ०.८. तेच शेत कापणीनंतर अवरक्त ३० आणि तांबडा २० भाग पाठवू लागले, तर वजाबाकी १०, बेरीज ५०, निर्देशांक ०.२. तलावाच्या पाण्याने अवरक्त २ आणि तांबडा ४ भाग पाठविला, तर निर्देशांक शून्याच्याही खाली जातो. पीक, धसकटे आणि पाणी यांतील भेद अशा रीतीने त्रैराशिकाहूनही सोप्या गणिताने हाती येतो, आणि जिल्ह्यातील लक्षावधी चौकटींसाठी ते गणित संगणक काही क्षणांत करतो.

४. ठरलेली वेळ, ठरलेली फेरी

एक चित्र कितीही सुंदर असले तरी त्याचे खरे मोल दुसऱ्या चित्राशी तुलना केल्यावर कळते, आणि तुलना करावयाची तर दोन्ही चित्रे सारख्या परिस्थितीत घेतलेली असावी लागतात. त्यासाठी या उपग्रहांना एक विशिष्ट कक्षा दिलेली असते. ते पृथ्वीच्या ध्रुवांजवळून फिरतात, आणि त्यांची कक्षा अशी बेतलेली असते की कोणत्याही ठिकाणावरून ते जवळजवळ त्याच स्थानिक वेळी, म्हणजे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, जातात. त्यामुळे वर्षातील त्याच दिवसांत घेतलेल्या चित्रांत उन्हाचा कल आणि सावल्यांची लांबी सारखी राहते. लँडसॅट ७०५ किलोमीटर उंचीवरून सुमारे ९९ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. जिल्ह्याची उत्तर-दक्षिण लांबी ओलांडण्यास त्याला पंधरा-सोळा सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही, परंतु त्याच जागी बरोबर त्याच मार्गाने तो सोळा दिवसांनी परत येतो. सेंटिनल-२ चे दोन उपग्रह मिळून तेच काम पाच दिवसांत करतात.

या नियमित फेऱ्यांतून भंडाऱ्याचे सबंध वर्ष उलगडते. मे महिन्यात सागवनाचे डोंगर विटकरी-राखाडी, शेते उघडी आणि नदीच्या पात्रात वाळूचे पांढरे पट्टे. जूनअखेरीस पऱ्ह्यांच्या लहान लहान सतेज चौकटी. पुढे चिखलणी होऊन रोवणी सुरू झाली की बांध्यांतील पाण्यामुळे शेते काळवंडतात. भाद्रपद-आश्विनात तीच शेते एकजिनसी लाल होतात. आणि कापणीनंतर, जेथे तलावाचे किंवा कालव्याचे पाणी पोहोचते तेवढ्याच भागात उन्हाळी धानाचे लाल तुकडे शिल्लक राहतात. खेड्यातील माणसाला हे ऋतुचक्र पाठ असते. उपग्रह त्याची तारीखवार नोंद ठेवतो, आणि ही नोंद आता पन्नास वर्षांहून जुनी झाली आहे. लँडसॅटचे सारे दफ्तर २००८ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येते, ही आपल्या काळातील मोठ्या औदार्याची गोष्ट मानली पाहिजे.

५. एका तलावाची मोजणी

आता एक तलाव घेऊन प्रत्यक्ष मोजणी करू. पूर्व विदर्भातील हे जुने तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते शासनाकडे आले, म्हणून त्यांस माजी मालगुजारी तलाव, किंवा संक्षेपाने मामा तलाव, म्हणतात. उताराच्या आडवी मातीची पाळ, एका अंगास सांडवा, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि त्याहून लहान पाणसाठ्यांसाठी ठिकठिकाणी बोड्या, अशी ही रचना आहे.

समजा, एका तलावाची दहा मीटरांच्या चौकटींची प्रतिमा आपल्यासमोर आहे. एक चौकट १० गुणिले १०, म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर चौकटींचा एक हेक्टर. आणि सुमारे चाळीस चौकटींचा एक एकर. ऑक्टोबरच्या प्रतिमेत पाण्याच्या चौकटी २,८०० भरल्या, तर पाण्याचा रकबा २८ हेक्टर, म्हणजे सुमारे ६९ एकर झाला. मे महिन्यात त्याच तलावात ७०० चौकटी उरल्या, तर रकबा ७ हेक्टर. अशा रीतीने पाळीवर पाऊल न ठेवता तालुक्यातील सर्व तलावांचा पसारा एका बैठकीत काढता येतो.

परंतु या मोजणीच्या तीन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली मर्यादा कडेची. काठावरच्या चौकटीत निम्मे पाणी आणि निम्मा चिखल असू शकतो. २८ हेक्टरांचा तलाव साधारण वाटोळा धरला तर कडेच्या चौकटी १९० च्या आसपास येतात, म्हणजे २,८०० पैकी सुमारे ७ टक्के. ही चूक सोसण्याजोगी आहे. पण अर्ध्या हेक्टराच्या बोडीत एकूण चौकटीच ५०, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या कडेच्या! म्हणून मोठ्या तलावाचा रकबा प्रतिमेवरून विश्वासाने सांगता येतो, बोडीचा तितक्या विश्वासाने सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा खोलीची. प्रतिमेत पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ दिसत नाही. या तलावांचे सर्वांत मोठे दुखणे गाळ हे आहे. कित्येक दशकांचा गाळ साचल्यामुळे तलाव दिसायला पूर्वीइतकाच विस्तीर्ण राहतो आणि पाणी मात्र पूर्वीइतके साठवीत नाही. ऑक्टोबरची प्रतिमा पाहून समाधान मानणारा अधिकारी या ठिकाणी फसेल. मे महिन्याची प्रतिमा शेजारी ठेवणाऱ्यास मात्र पाणी किती लवकर आटते यावरून उथळपणाचा संशय येईल, आणि त्या संशयाची शहानिशा तलावात उतरून खोली मोजल्यानेच होईल.

तिसरी मर्यादा सर्वांत फसवी आहे. अनेक तलावांत बेशरमची झुडपे माजली आहेत, काहींत जलपर्णी पसरली आहे. उपग्रहाला वरून पाने दिसतात. पानांचा निर्देशांक पिकासारखा येतो. आणि पाण्याने भरलेला तलाव प्रतिमेत शेतासारखा लाल दिसतो. गावातील गुराख्यालाही जी गोष्ट ठाऊक आहे ती कोट्यवधी रुपयांच्या यंत्रास कळत नाही, आणि यात यंत्राचा कमीपणा नाही, कारण रंग सांगणे एवढेच त्याचे काम आहे. त्या रंगाखाली काय आहे हे सांगणारा माणूस जमिनीवरच असतो.

६. गोसीखुर्द: एका खोऱ्याचे रूपांतर

भारताचा पहिला नियमित कामाचा दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातील बायकोनूर येथून अवकाशात गेला, आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच, २२ एप्रिल १९८८ रोजी, तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. या योगायोगामुळे या धरणाचा जवळजवळ संपूर्ण इतिहास अवकाशातील दफ्तरात नोंदला गेला आहे. धरणाची लांबी अकरा किलोमीटरांहून अधिक, दरवाजे ३३, आणि एकूण साठवण सुमारे ११४६ दशलक्ष घनमीटर.

पायाभरणीपूर्वीच्या उन्हाळी प्रतिमेत वैनगंगा वाळूच्या पात्रातून जाणारी एक बारीक काळी रेघ आहे. पाणी अडविल्यानंतरच्या प्रतिमांत ती रेघ रुंदावत जाते, आंभोऱ्याजवळच्या संगमाकडे फुगवटा चढतो, आणि उपनद्यांच्या व नाल्यांच्या खोऱ्यांत पाण्याचे फाटे शिरतात. या फाट्यांवरून पूर्वीच्या जमिनीचा चढउतार उलट वाचता येतो, कारण पाण्याची कडा म्हणजे समान उंचीची रेषाच असते. धरणापासून थोड्याच अंतरावर, मातीचा तट आणि खंदक यांनी वेढलेले पवनी हे प्राचीन नगर आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. बारीक चौकटीच्या प्रतिमेत या नगराच्या तटाखंदकाची वक्र कडा अवश्य शोधून पाहावी.

अशा प्रतिमांचा सर्वांत व्यवहारोपयोगी गुण निराळाच आहे. या प्रकल्पातून नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी अशी योजना आहे. कालवा खोदल्याची नोंद कागदावर असते. पाणी शेतापर्यंत पोहोचले की नाही, हे मार्च-एप्रिलच्या प्रतिमेत उघड दिसते, कारण त्या दिवसांत पाण्यावाचून शेत हिरवे राहत नाही. कालव्याच्या मुखाजवळ लाल पट्टा आणि शेवटच्या टोकाकडील गावे राखाडी, असे दिसल्यास टोकाकडच्या रयतेची तक्रार पुराव्यासह मांडता येते.

मात्र हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, या प्रतिमांत जे येत नाही ते फार मोठे आहे. बुडालेल्या गावाच्या जागी काळा रंग येतो आणि पुनर्वसित गावाच्या जागी सरळ रस्त्यांची चौकोनी आखणी येते. त्या दोहोंच्या दरम्यान माणसांनी सोडलेली पिढीजात शेते, देवस्थाने आणि शेजार यांची नोंद कोणत्याही किरणविभागात होत नाही. पाण्याचेही तसेच. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयाकडे येते. पाण्यावरील हिरवी छटा प्रतिमेत टिपली जाते; त्या पाण्यात काय मिसळले आहे, ते पिण्याजोगे आहे की नाही, हे मात्र नमुना घेऊन प्रयोगशाळेतच ठरवावे लागते.

७. ढगांखालचा पूर

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग सोडण्यात आला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांसह खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या नदीकाठाला पुराने वेढले. अशा वेळी आतापर्यंत वर्णिलेली प्रकाशावर चालणारी सर्व यंत्रे निरुपयोगी होतात, कारण पूर आणि ढग नेहमी बरोबरच येतात. ढगांच्या वरच्या बाजूचे शुभ्र चित्र मिळते आणि खाली काय चालले आहे ते दिसत नाही.

येथे रडारचा उपयोग होतो. रडारचा उपग्रह सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही; तो स्वतः सूक्ष्म लहरी खाली सोडतो आणि परत येणाऱ्या लहरी मोजतो. सेंटिनल-१ या रडार उपग्रहाच्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. ढगांतील जलकण तिच्या मानाने अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे या लहरी ढगांतून आरपार जातात, आणि रात्र असो वा दिवस, त्यांना फरक पडत नाही. लहरी तिरप्या सोडलेल्या असतात. खडबडीत जमिनीवर त्या विखुरतात आणि काही भाग परत उपग्रहाकडे येतो, म्हणून जमीन करड्या रंगाची दिसते. संथ पाण्यावरून त्या घसरून पलीकडे निघून जातात, परत काहीच येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. पुराआधीची आणि पुराच्या वेळची अशा दोन रडार प्रतिमा घेऊन जेथे करड्याचे काळे झाले तेवढा भाग वेगळा काढला, की पुराचा नकाशा तयार होतो. हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आपल्या देशातील पुरांचे असे नकाशे तयार करून शासनास देते.

मात्र भंडाऱ्यात या रीतीला एक विशेष सावधगिरी लागते. रोवणीच्या दिवसांत जिल्ह्यातील बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि रडारला त्या तलावासारख्याच काळ्या दिसतात. पुढे धान वाढले, की त्याच्या बुंध्यांवरून व पाण्यावरून लहरी उलटून परत येऊ लागतात आणि शेत उजळत जाते. आधी काळे आणि मग क्रमाने उजळ होत जाणे ही धानाची इतकी खात्रीची खूण आहे की, खरिपातील धानाच्या क्षेत्राचा अंदाज आपल्या देशात रडारच्या प्रतिमांवरूनच घेतला जातो. परंतु जुलैमधील एकच प्रतिमा पाहून कोणी पुराचा दाखला देऊ लागला, तर तो रोवणीलाच पूर म्हणेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासा यांनी मिळून तयार केलेला निसार हा उपग्रह सुमारे २४ सेंटिमीटरांच्या लांब लहरीही वापरतो. त्या पानांच्या छत्राखाली अधिक खोलवर जात असल्यामुळे पिकाखाली आणि झाडांखाली साचलेले पाणी ओळखण्यास त्यांचे विशेष साहाय्य होईल.

८. अरण्यातील वणवा

उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही, आणि त्या आगीतून कधी कधी अरण्यच पेटते. आग ओळखण्यासाठी उपग्रह उष्णतेचे किरण मोजतात. त्यांच्या चौकटी पाऊण-एक हजार मीटरांच्या किंवा, अलीकडील यंत्रांत, ३७५ मीटरांच्या असतात. तरीही चौकटीहून पुष्कळ लहान आग त्यांना कळते, कारण ज्वाला भोवतालच्या जमिनीहून इतकी तप्त असते की तिच्यामुळे संपूर्ण चौकटीचे माप उंचावते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा सूचना २००४ पासून वन खात्यास कळवीत आली आहे. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान लागून विझलेली आग नोंदली जात नाही, आणि कारखान्याची भट्टी आगीच्या यादीत शिरू शकते. म्हणून यादीतील प्रत्येक बिंदूवर वनरक्षकाची नजर पडणे आवश्यकच राहते.

९. प्रतिमा आणि पाहणी

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता सांगता येईल. गाव दिसते, किती दिसते ते चौकटीवर अवलंबून आहे, कोणत्या रंगात दिसते ते किरणविभागावर, आणि केव्हा दिसते ते फेरीवर व ढगांवर. परंतु दिसलेल्याचा अर्थ जमिनीवरच्या माहितीवाचून लागत नाही, हे तलावातील बेशरम, रोवणीच्या बांध्या आणि कारखान्याची भट्टी या तिन्ही उदाहरणांनी दाखविले. दूरसंवेदनाच्या शास्त्रातही प्रत्यक्ष स्थळपाहणी हा मोजणीचा अनिवार्य भाग मानला जातो, आणि पाहणीवाचून काढलेल्या नकाशाला जाणकार मान्यता देत नाहीत.

यातून भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यापुरती एक निश्चित सूचना करावीशी वाटते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे, इस्रोचे प्रादेशिक केंद्रही तेथेच आहे, आणि इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर भारताच्या प्रतिमा नागरिकांसाठी खुल्या आहेत. ज्या गावात माजी मालगुजारी तलाव आहे, तेथील ग्रामपंचायतीने दरवर्षी ऑक्टोबरची आणि मे महिन्याची अशा दोन प्रतिमा काढून दफ्तरात लावाव्यात. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी पाण्याच्या चौकटी मोजून रकबा काढावा. त्याच आठवड्यात गावातील जाणत्या शेतकऱ्यांबरोबर पाळीवर जाऊन पाणी कोठवर आहे, बेशरम कोठे माजली आहे, सांडवा शाबूत आहे की नाही, गाळ किती चढला आहे, याची पाहणी करावी. आणि प्रतिमा व पाहणी ही दोन्ही एकाच कागदावर नोंदवून तो ग्रामसभेपुढे वाचावा. पाच-सात वर्षांत अशा कागदांची जी मिसल तयार होईल, तिच्या आधारे गाळ काढण्याची, पाळ दुरुस्तीची किंवा अतिक्रमण हटविण्याची मागणी करणाऱ्या गावाला केवळ अर्ज करून थांबावे लागणार नाही. मागणीसोबत तारीख, रकबा आणि साक्ष जोडलेली असेल, आणि तहसील कार्यालयाला तिचा तितक्याच नेमकेपणाने जबाब द्यावा लागेल.